मासा वर येईपर्यंत

क्लिओफस पिंकस्टन गिटार वाजवायला बसला की लोकांकडे पाठ करत नाही, पण तोंडही दाखवत नाही. खुर्ची तिरकी, मान उजवीकडे आणि डोळे भिंतीतल्या खिडकीवर. मिसिसिपीतल्या हॅचर्स बेंड गावात, नदीच्या बांधाखाली, त्याची पत्र्याची खानावळ आहे. एका खोलीत नाच, दुसरीत चूल, आणि दोन्हींच्या मधे ही खिडकी. खिडकीपलीकडे बिडाची मोठी कढई आणि कढईमागे त्याची बायको ओझेला. पन्नासहून जास्त वर्षं दर शनिवारी संध्याकाळी हा माणूस तिकडे बघत वाजवतो आहे.

नवीन आलेल्या पाहुण्याला वाटतं, काय हे प्रेम! ओझेला ते ऐकून कपाळावर हात मारून घेते. "माझ्याकडे कशाला बघतोय तो? मासा बघतोय. हावरट मेला!"

ओझेलाच्या मते देवाने तिच्या नवऱ्याला दोनच गोष्टी भरभरून दिल्या, भूक आणि कंबरदुखी. गिटारबद्दल विचारलंत तर ती म्हणते, "वाजवतो बरा."

आता हा 'बरा' शब्द ऐकून मेम्फिसपासून शिकागोपर्यंतचे निम्मे गिटारवाले छाती पिटतील. पण पिकतं तिथं विकत नाही, हे मिसिसिपीतही खरं आहे. परदेशातून जोडपी येतात, क्लिओफसच्या खुर्चीचे फोटो काढतात, खुर्चीखालची फळी हात लावून बघतात. गावातली माणसं मात्र विचारतात, "आज मासा कोणता आहे?"

क्लिओफसची जी कीर्ती झाली ती एका खोडीमुळे झाली. ब्लूजच्या गाण्यात दर कडव्याला तालाची बारा घरं असतात. पहिली चार घरं एका कॉर्डवर, म्हणजे सुरांच्या एका जुळणीवर काढायची, मग दुसरी धरायची, मग परत पहिलीवर यायचं, असा तो ठरलेला रस्ता. इकडचं शेंबडं पोरसुद्धा तो डोळे मिटून चालतं. क्लिओफस चौथ्या घराशी पोहोचला की तिथेच उंबरठ्यावर बसून राहतो. एकच कॉर्ड, अंगठा खालच्या तारांवर ठणठण चाललेला, नाचणारे पाय उचलून तयार, आणि हा बदलतच नाही. कधी साडेपाच घरं, कधी सात. कधी उलट तिसऱ्या घरातूनच उडी. लोकांनी त्याचं नावच 'थांब-जरा' पाडलं होतं.

या खोडीपायी कितीतरी ड्रमवाले पळून गेले. "त्यांना ताल कळत नाही," असं क्लिओफस म्हणायचा. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण इथे नक्की कुणाला लागू पडते याबद्दल गावात दोन मतं होती. शेवटी बूकर तेवढा टिकला. त्याला ऐकू कमी येतं. तो क्लिओफसच्या खांद्याकडे बघून वाजवतो, आणि खांदा हलला की काठी मारतो.

पण क्लिओफसच्या तरुणपणी शहरातून दोन माणसं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आली, भर शनिवारी खानावळीतच त्यांनी सगळं टिपून घेतलं, आणि ती तबकडी जगभर गेली. तेव्हापासून त्या थांबण्याला लोक कला म्हणू लागले. तबकडीत गाण्यामागे सतत एक चरचर ऐकू येते. जाणकार सांगतात, जुन्या टेपचा आवाज आहे, काळाची खूण आहे. ओझेला सांगते, ते तेल आहे.

सगळ्यात मोठा भक्त म्हणजे टायरी गेन्स. गावचाच, आता पन्नाशी उलटलेला आणि चांगला नावारूपाला आलेला. पुराच्या गाण्यात साडेपाच घरं थांबायचं, उत्तरेच्या गाडीच्या गाण्यात सात, हे त्याने तबकडी झिजवून पाठ केलं होतं आणि पुढे ढीगभर शिष्यांना शिकवलं होतं. "मोजायचं नाही," असं तो त्यांना बजावे. "आतून हाक आली पाहिजे." टायरीसुद्धा खुर्ची तिरकी टाकून, मान उजवीकडे वळवून वाजवतो. त्याचे शिष्यही तसेच. आज कुठल्या कुठल्या देशांत माणसं उजवीकडच्या कोऱ्या भिंतीकडे टक लावून ब्लूज वाजवत असतात. का, ते त्यांच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलेलं नाही.

याची सुरुवात मात्र साधी होती. खानावळ मुळात ओझेलाच्या बापाची, रूबेनची. क्लिओफस तेव्हा मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा आणि शनिवारी गिटार घेऊन मासा खायला यायचा. रूबेनने त्याला खिडकीसमोर बसवलं आणि सांगितलं, "पोरा, तळण होईपर्यंत वाजवत राहा. नाच थांबला की लोकांना भूक लागते, आणि मासा तयार नसला की ते समोरच्या खानावळवाल्याकडे जातात." मग त्याने लेकीलाही सांगितलं, "तू तुकड्याला हात लावायचा नाहीस. तो आपण होऊन वर येईपर्यंत थांबायचं."

दोघांनीही म्हाताऱ्याचं ऐकलं. मक्याच्या पिठात घोळवलेला कॅटफिशचा तुकडा तेलात सोडला की तो आधी तळाशी बसतो. मग आपल्या वेळेला, कुणाची पर्वा न करता, वर येतो. ओझेला एकामागून एक तुकडे सोडत जायची, आणि एकेक वर आला की शेजारीण दारात दिसल्यावर मान डोलवावी तशी त्याला मान डोलवून झाऱ्याने उलटायची. मेहेरबान, आलात का? या. तुकड्यांशी असं बोलायची तिची जुनी सवय. पुढे लग्न झालं, रूबेन गेला, पाटीवर पिंकस्टन हे नाव आलं. कढई तीच राहिली.

क्लिओफसला बाहेरची बोलावणी पुष्कळ आली. शिकागो झालं, समुद्रापलीकडचं झालं. तो कधी गेला नाही. कंबर. ओझेला दोन बाळंतपणांसाठी माहेरच्या मावशीकडे गेली होती तेव्हाही त्याने वाजवलं नाही. कंबर. तिच्या आईच्या मातीला ती गेली तो शनिवारही कोरडाच गेला. लोक म्हणाले, हा माणूस आपल्या मातीला धरून आहे. ओझेला म्हणाली, खुर्चीला.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि एक दिवस रेडिओवाली बाई आली.

ती ओसरीवर बसली, गोड गार चहा प्याली, आणि तिने क्लिओफसला विचारलं, तुम्ही हे थांबणं कुणाकडून शिकलात? क्लिओफस फुगला. म्हणाला, कुणाकडूनच नाही, आतून येतं. बाईने पुढे विचारलं, आणि तुमच्या पत्नी? इतकी वर्षं तुमच्या संगीतात त्यांचाही काही वाटा असेलच ना?

"तिचा?" क्लिओफस हसला. "तिला गाण्यातलं काय कळतं? ती मासे तळते."

हे रेडिओवर लागलं तेव्हा ओझेला चर्चच्या स्वयंपाकघरात कोबी चिरत होती. चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवणाऱ्या बायकांचं जे मंडळ आहे, ते सगळंच्या सगळं तिथे हजर होतं, कारण आज आपल्या ओझेलाचा नवरा रेडिओवर बोलणार होता. सगळ्यांनी कान टवकारले होते. ते वाक्य आलं आणि कुणीतरी उगाचच नळ सोडला. मंडळातल्या बायका एकमेकींना सिस्टरच म्हणतात. त्यांची प्रमुख सिस्टर वर्डेल एवढंच म्हणाली, "कोबी छान बारीक चिरलायस हं, सिस्टर."

ओझेला आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हे. तिची वेगळी तऱ्हा होती. सगळं ठीक असलं की नवरा 'क्लिओफस'. बिनसलं की तो 'मिस्टर पिंकस्टन' व्हायचा, आणि मग शब्दागणिक त्याचा मान वाढत जायचा.

"मिस्टर पिंकस्टन, जेवण टेबलावर आहे."

क्लिओफसचा घास हातातच राहिला. "मिस्टर? का गं, काय झालं?"

"कुठं काय? मला काय कळतंय? मी मासे तळते."

"अरे देवा. ते होय! मग तळत नाहीस का तू? खोटं काय बोललो मी?"

"छे, खरंच बोललात. तेवढं खरं पुरे झालं मला. या शनिवारपासून मी चर्चसाठी तळणार. छप्पर गळतंय त्यांचं. सिस्टर वर्डेल किती दिवसांची बोलावतेय."

"आणि इथं?"

"इथं तुम्ही आहात ना. गाण्यातलं कळणारे."

क्लिओफसने ताट सरकवलं. "बरं बाई, चुकलो. परत घेतो शब्द. झालं?"

"असं भाजीच्या वाटीत परत घेऊ नका, मिस्टर पिंकस्टन. अख्ख्या जगाला ऐकू गेलंय ते. परत घ्यायचं तर तसंच घ्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"आता त्या रेडिओवाल्या बाईला कुठं शोधू मी?"

"ते मला कसं कळणार?" ओझेला उठत म्हणाली. "मी मासे तळते."

दुसऱ्या दिवशी तिने मधल्या खिडकीला फळकूट लावलं. दोन खिळे पुरले असते. तिसरा रागाचा ठोकला. हसण्यावारी नेण्यासारखं हे भांडण नव्हतं. तिला खरोखर लागलं होतं. पन्नास वर्षं ज्या माणसाच्या गाण्यामागे आपण उभ्या आहोत, त्याला आपण भिंतीसारख्या वाटतो, हे तिच्या मनातून जाईना.

त्या शनिवारी क्लिओफसची कंबर धरली. पुढच्याही धरली. त्याच्याही पुढच्या शनिवारी नाचणारे आले, फळकुटाकडे बघून, क्लिओफसच्या कंबरेवर हात ठेवलेल्या मूर्तीकडे बघून, मुकाट्याने समोरच्याकडे गेले. दिवसा मात्र तो ओसरीवर बसून वाजवून बघायचा. ओझेला आतून ऐकायची. सुरू व्हायचं झोकात. मग एकाच कॉर्डवर चालत राहायचं, चालत राहायचं, आणि मधेच बंद.

"उकडतंय," तो कुणी न विचारता सांगायचा.

रुसलाय, असं ओझेलाला वाटलं. रुसू दे.

त्यातच टायरी गेन्सने दणक्यात जाहीर केलं, की कापूस फुटायच्या दिवसांत, जिनिंगच्या मागच्या मैदानात, गुरूंचा जाहीर सन्मान होणार. मेम्फिसहून माणसं येणार, शिकागोहून येणार, समुद्रापलीकडूनही. सगळे शिष्य वाजवतील, आणि शेवटी गुरू स्वतः.

"मिस ओझेला," इकडच्या रीतीने मानाचं 'मिस' लावत टायरी टोपी हातात घेऊन विचारायला आला, "मिस्टर क्लिओ वाजवतील ना? नाही वाजवलं तर माझं तोंड काळं होईल."

"त्यांच्या कंबरेला विचार, बाळा."

आतून क्लिओफस गरजला, "वाजवणार म्हणून सांग! मला काय कुणाची गरज आहे?"

ओझेलाने आवाजाच्या दिशेला पाहिलं, आणि टायरीला जरा मोठ्यानेच म्हणाली, "ऐकलंस? त्यांना कुणाची गरज नाही."

सन्मानाच्या दिवशी तिने त्याचा निळा शर्ट कडक इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. भांडण माणसाशी होतं, शर्टाशी नव्हतं. मग ती पांढरा झगा घालून चर्चच्या बायकांबरोबर मैदानावर गेली. मंडळाने छपरासाठी माशांचा ठेला लावला होता, मंचापासून लांब, पार पाण्याच्या टाकीशी. सिस्टर वर्डेल पाव आणि तिखट सॉस देत होती, बाकीच्या कोबी वाढत होत्या, आणि कढईवर ओझेला.

दुपारभर शिष्य वाजवत होते. एकामागून एक यायचे, खुर्ची तिरकी करायचे, मान उजवीकडे वळवायचे. सिस्टर वर्डेलने न राहवून विचारलं, "सगळ्यांचीच मान आखडलीय का गं?"

"गुरूचा प्रसाद आहे," ओझेला म्हणाली.

मग क्लिओफस आला. मैदान उठून उभं राहिलं. तो बसला, गिटार मांडीवर घेतली, खुर्ची तिरकी केली. बूकरने त्याच्या खांद्यावर डोळे लावले. आणि पुराचं गाणं सुरू झालं.

सुरुवात अशी झाली की ओझेलाच्याही अंगावर काटा आला. सत्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पण अंगठा अजून ट्रॅक्टरसारखा चालत होता. चार घरं झाली. तो थांबला. मैदानात हशा पिकला, टाळ्या पडल्या. थांब-जरा थांबला! पाच घरं. साडेपाच. टायरीने मंचाच्या कडेला डोळे मिटून हात वर केला, आता, आता येईल हाक. सहा. सात. हाक काही आली नाही.

"धरून ठेव, बाबा!" कुणीतरी ओरडलं. "तसंच धरून ठेव!"

दहा घरं. बारा. अख्खं एक कडवं संपायला हवं होतं आणि हा पहिल्याच कॉर्डवर. मैदान वेडं झालं. बायका रुमाल हलवू लागल्या, एक परदेशी माणूस उभा राहून रडायला लागला. टायरी तर गुडघ्यावरच बसला. "इतकी वर्षं ऐकतोय," तो शिष्यांना म्हणत होता, "पण असं थांबणं आज पहिल्यांदा! हे आपल्याला या जन्मी जमायचं नाही."

ओझेला कढईवर होती. तिचा एक तुकडा वर आला, तिने मान डोलवून उलटला. दुसरा आला. तिसरा. गाणं मात्र तिथेच होतं. काहीतरी चुकलंय, हे त्या हजारभर माणसांत तिला एकटीलाच कळत होतं, आणि काय चुकलंय ते तिला सांगता येईना. तिने झारा वर धरून, उन्हाला हात आडवा लावून मंचाकडे नीट पाहिलं.

क्लिओफस उजवीकडे बघत होता. तिथे स्पीकरचा एक काळा खोका होता आणि त्यावर पाण्याच्या बाटल्या. तो त्या बाटल्यांकडे डोळे फाडून बघत होता. शर्ट घामाने ओला झाला होता. एकदा मोठ्या इस्पितळात ती त्याला बाकावर बसवून कागद आणायला गेली आणि परत यायला उशीर झाला, तेव्हा त्याचा चेहरा असाच झाला होता. तो थांबला नव्हताच. तो अडकला होता.

तिच्या कढईत आणखी एक तुकडा वर आला. तिची मान आपोआप डोलली. आणि मान डोलता डोलता ओझेलाला सगळं एकदम कळलं. ती खिडकी कळली, तिरकी खुर्ची कळली, साडेपाच घरं, सात घरं, इतक्या वर्षांची कंबर, सगळं. बाई गं, हा मासा बघत नव्हता.

खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा तिला आनंदच झाला. शिज म्हणावं. मला काय कळतं? मी मासे तळते.

"काय अप्रतिम वाजवतायत!" सिस्टर वर्डेल कागदी पंख्याने वारा घेत म्हणाली.

"अडकलाय तो," ओझेला म्हणाली.

"म्हणजे?"

"बदलता येत नाहीये त्याला."

सिस्टर वर्डेलने मंचाकडे पाहिलं, मग ओझेलाकडे. ती प्रमुख उगाच नव्हती. "बरं झालं," ती म्हणाली. "रेडिओवर बोलला होता ना? बसू दे तसाच."

ओझेला बसू देणारही होती. पण तेवढ्यात अंगठा चुकला. जरासाच. त्या गदारोळात कुणाला कळलं नाही, पण तिला कळलं. हात थकला होता. आता तो थांबेल, गिटार खाली ठेवेल, आणि मग सगळ्या जगाला दिसेल. त्याच्यावर रागवायचा हक्क तिचा होता. त्याला हसायचा हक्क या हजार माणसांचा नव्हता.

"कढई बघ," तिने सिस्टर वर्डेलच्या हातात पीठ लागलेला चिमटा दिला आणि झारा तसाच हातात घेऊन निघाली. पांढरा झगा, पांढरे बूट, हातात तेल गळणारा झारा. लोक आपोआप बाजूला झाले. तेलाला सगळेच घाबरतात. मंचाच्या उजव्या अंगाने वर चढून तिने पाण्याच्या बाटल्या झाऱ्याने सारल्या आणि त्या काळ्या खोक्यामागे, कढईमागे उभी राहते तशी, उभी राहिली.

क्लिओफसला ती दिसली. त्याचे डोळे असे भरून आले की तिला दुसरीकडे बघावंसं वाटलं. पण दुसरीकडे बघून भागणार नव्हतं. तो वाट बघत होता.

आणि इथे ओझेलाची पंचाईत झाली. समोर कढई नव्हती. मासा नसताना मान कधी डोलवायची हे तिला आयुष्यात कधी ठरवावं लागलं नव्हतं. बूकर खांद्याकडे बघत होता, क्लिओफस तिच्याकडे बघत होता, आणि ती लाकडी खोक्याकडे. शेवटी तिने मनातल्या मनात एक चांगला हातभर लांब तुकडा पिठात घोळवला. तेलात सोडला. तो तळाशी गेला. तिने घाई केली नाही. बापाने सांगितलं होतं, आपण होऊन येऊ द्यायचा. कडेने बुडबुडे आले, पीठ सोनेरी झालं, आणि तो हळूच वर आला.

ओझेलाने मान डोलवली.

क्लिओफसने कॉर्ड बदलली. मैदानातून जो आवाज उठला त्याने म्हणे बांधावरचे बगळे उडाले. पुढचं सगळं गाणं तिने तळून काढलं, मोठा तुकडा, छोटा तुकडा, शेपटीचा तुकडा, आणि तो मुकाट तिच्यामागून आला. हिशेब कशाचाच नव्हता, पण एकही चूक झाली नाही.

गाणं संपल्यावर क्लिओफसने माईक ओढला. बोलायची त्याला सवय नव्हती. आधी नुसता खाकरला.

"मी रेडिओवर बोललो होतो," तो म्हणाला, "की मला कुणी शिकवलं नाही. आणि म्हणालो होतो, की ही बाई मासे तळते." तो थांबला. मैदानाला वाटलं, हीसुद्धा कला. "तर, तळते. ती मान डोलवते तेव्हा मी बदलतो. नाही डोलवली तर मला पुढचा रस्ता माहीत नाही. तुम्ही आज बघितलंत. मला वाटायचं मला भूक लागते म्हणून मी तिकडे बघतो."

"भूकही लागतेच!" ओझेला खोक्यामागून ओरडली.

"लागते," क्लिओफसने माईकवर कबूल केलं.

ती खाली उतरली तेव्हा टायरी गेन्स तिच्या वाटेत उभा होता. चेहरा असा, की कुणीतरी त्याच्या घराचा पाया काढून दाखवला होता.

"मिस ओझेला," तो हळूच म्हणाला, "तबकडीत पुराच्या गाण्यात ती साडेपाच घरं आहेत…"

ओझेलाने आठवून पाहिलं. "त्या शनिवारी मासा मोठा होता."

"आणि उत्तरेच्या गाडीच्या गाण्यातली सात?"

"तेल थंड होतं, बाळा. गॅस संपत आला होता."

टायरीने मान खाली घातली. मग अगदी गरीब आवाजात त्याने विचारलं, "तुम्ही शिकवाल का?"

"मासे आण चांगले," ओझेला म्हणाली.

पुढच्या शनिवारी क्लिओफसने स्वतः फळकूट काढलं. तिसरा खिळा निघता निघेना. ऊन अजून बांधावर होतं तेव्हाच खोली भरली, आणि समोरचा आपल्या दारात हात बांधून उभा राहिला. टायरी आपल्या चार शिष्यांसकट कोपऱ्यात बसला होता, पाचही माना उजवीकडे. आता निदान तिकडे बघायला काहीतरी होतं.

क्लिओफसने सुरू केलं. ओझेलाने पहिला तुकडा सोडला. चार घरं झाली, नाचणाऱ्यांनी पाय उचलले, तुकडा वर आला. छान, सोनेरी, वेळेवर. ओझेलाने त्याच्याकडे पाहिलं, आणि मान डोलवली नाही.

पाच घरं. सहा. क्लिओफसचे डोळे खिडकीवर. सात घरं. त्याची भुवई वर गेली. आठ. बूकर त्याच्या खांद्याकडे बघून थकला. नाचणारे एका पायावर. अख्खी खोली खिडकीकडे बघत होती, आणि ओझेला कंबरेवर हात ठेवून कढईकडे.

"झेला!" क्लिओफस काकुळतीला येऊन ओरडला.

"कच्चा आहे अजून!"

बापाच्या चुलीवर उभी राहिल्यापासून तिने एकही तुकडा करपू दिला नव्हता. हा तिने डोळ्यांदेखत करपू दिला. कडा काळ्या झाल्या, वास सुटला, आणि तो म्हातारा गिटार छातीशी धरून तिच्या हनुवटीची वाट बघत राहिला. बघू दे. इतकी वर्षं तो बघत होता आणि तिला माहीत नव्हतं. आज तिला माहीत असताना एकदा बघू दे. मग तिने मान डोलवली, आणि खोली छपरापर्यंत उडाली.

तो तुकडा तिने कुणाला वाढला नाही. गर्दी जरा ओसरल्यावर मागच्या पायरीवर बसून, वर भरपूर तिखट सॉस ओतून, ती स्वतःच खाऊ लागली. क्लिओफस कंबर धरत येऊन शेजारी टेकला आणि ताटात डोकावला.

"करपलाय की गं."

"तुला माशातलं काय कळतं, क्लिओफस?" ओझेला खाता खाता म्हणाली. "तू गिटार वाजवतोस."